अर्धा फेरा

चामराजपेटेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि रस्त्याच्या पलीकडे महानंदाक्काचं गॅरेज. एकोणीस वर्षं आम्ही समोरासमोर आहोत. ती मूळची निपाणीची, मी चिकोडीचा. दुकानात दिवसभर कन्नड बोलतो, एकमेकांशी मात्र मराठी. तिच्या बाबतीत जे घडलं त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं तिनं मला नंतर सांगितलं.

गॅरेज तिच्या नवऱ्यानं, संग्रामनं उभं केलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा महानंदाला पाना कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. आधी ती डबा घेऊन यायची, मग पाने पुसून ठेवायला लागली, आणि पाचेक वर्षांत कार्बोरेटर तिच्या हातात आला. पेट्रोल आणि हवा किती प्रमाणात मिसळायची, ते ठरवणारा एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवताना ती डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकायची. गाडी पेट्रोल जास्त खाते अशी तक्रार आली, की संग्राम गिऱ्हाइकाला सांगायचा, "इंजिन मी बांधतो, ॲव्हरेज आमच्या हिच्या हातात आहे." इंजिन बांधून झालं की नंबराच्या शेजारी पंच ठोकून तीन ठिपके उमटवायची त्याची सवय होती. कुणी विचारलं तर म्हणायचा, "एक मी, एक ही आणि एक आमची अश्लेषा."

सहा वर्षांपूर्वी तो गेला. यशवंतपूरच्या बाजारात आप्पाजी नावाचे कांद्याचे व्यापारी होते. त्यांच्या जुन्या पेट्रोल व्हॅनचं इंजिन संग्रामनंच बांधलं होतं. ती व्हॅन ॲव्हरेज देत नाही म्हणून त्यांनी तगादा लावला होता. महानंदानं कार्बोरेटर साफ केला, स्क्रू फिरवला, आणि टाकी भरून ॲव्हरेज मोजायला संग्राम तुमकूर रस्त्यानं नेलमंगलाकडे निघाला. दुपारी पावणेचारला भर रस्त्यात व्हॅन बंद पडली आणि मागून येणारी लॉरी तिच्यावर आदळली. व्हॅनचा मागचा भाग चेपून पुढच्या सीटपर्यंत आला. संग्राम जागीच गेला.

पोलिसांचे कागद, आरटीओ निरीक्षकाचा अहवाल, सगळ्याचे झेरॉक्स मीच काढले होते. अहवालात लिहिलं होतं, 'ब्रेक सुस्थितीत. इंजिन बंद पडण्याचे कारण निश्चित सांगता येत नाही.'

पंधराव्या दिवशी महानंदानं गॅरेज उघडलं. सगळ्यांना वाटलं, बाई खंबीर आहे. पण मला समोरून काही गोष्टी दिसत होत्या. गाडी रस्त्यावर फिरवून बघायला ती स्वतः कधीच जाईना, मालकालाच पाठवायची. दुपारी साडेतीन झाले की फोन पान्यांच्या खणात ठेवून खण लावून टाकायची आणि पाचला काढायची. आणि तिच्या हातची प्रत्येक गाडी आता पेट्रोल जरा जास्तच प्यायला लागली. गिऱ्हाइकं माझ्या दुकानात येऊन कुरकुरायची, "अक्काचा हात पहिल्यासारखा राहिला नाही." एकदा मी हे तिच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "पेट्रोल जास्त गेलं तर माणूस मरत न्हाई, अण्णा." पुढं काही विचारायची माझी छाती झाली नाही.

तिच्या मनात काय होतं ते मला फार उशिरा कळलं. अपघाताच्या दहा मिनिटं आधी संग्रामचा तिला फोन आला होता. तो रस्त्याकडेला चहाला थांबला होता.

"गाडी पळतेय झकास," तो म्हणाला होता, "पण पाय काढला की मधेच खोकते. स्क्रू किती फिरवलास?"

"अर्धा फेरा आवळलाय."

"जास्त झाला काय?"

"न्हाई हो. चालेल. या तसंच घेऊन."

पोलिसांनी विचारलं तेव्हा, जेवायला कधी येता म्हणून फोन होता, असं तिनं सांगितलं. पेट्रोल फार कमी केलं की पाय काढल्यावर इंजिन गचके देतं आणि बंद पडतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही, मुलीलासुद्धा नाही. पण कुठलंही इंजिन जरा अडखळलं की तिला कानाशी स्पष्ट ऐकू यायचं, 'स्क्रू किती फिरवलास?' भास होता हे तिला कळत होतं. तरी ती मागं वळून बघायची.

यंदा फेब्रुवारीत स्वानंदी नावाची मुलगी तिच्याकडे आली. पुण्याची, तिशीची, शहराच्या दुसऱ्या टोकाला एचएसआर लेआउटमध्ये राहणारी. सॉफ्टवेअरची नोकरी सोडून ती एका जुन्या व्हॅनमधून विज्ञानाचे प्रयोग घेऊन शहराबाहेरच्या सरकारी शाळांत जायची. महानंदाला मराठी येतं म्हटल्यावर तिचा बांध फुटला.

"ताई, आधीचं इंजिन सीझ झालं म्हणून मी यूज्ड इंजिन टाकलं. तेव्हापासून ॲव्हरेजची वाट लागलीये. आधी चौदा द्यायची, आता जेमतेम नऊ. तीन गॅरेज झाली. सगळे म्हणतात, जुनी गाडी आहे, विकून टाका. कार्बोरेटर बघणारं कोणी उरलंच नाहीये."

"ठेव इथं. आधी बघते, मग सांगते," महानंदा म्हणाली.

टाकीतून पेट्रोल ठिबकत असेल, ब्रेक चाकाला घासत असेल, चाकांत हवा कमी असेल, अशी साधी कारणं तिनं आधी तपासली. काही सापडलं नाही. एअर फिल्टर नवा. प्लगचा रंग ठीक. मग तिनं एकेका सिलिंडरचा दाब मोजला आणि चकित झाली. चोरबाजारातून आलेलं म्हणावं असं ते इंजिनच नव्हतं. तिन्ही सिलिंडर एकसारखे, बांधणी एकदम नेटकी. कुणी बांधलं असेल म्हणून तिनं फडक्यानं नंबराची पट्टी पुसली.

शेजारी तीन ठिपके होते.

मी दुकानातून पाहिलं, ती रस्ता ओलांडत होती आणि डावीउजवीकडे बघत नव्हती. एक ऑटोवाला तिच्यावर ओरडला. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जुने कागद होते.

"अण्णा, चष्मा विसरलेय. ह्यात इंजिनचा नंबर कुठं हाय, तेवढा वाचून दाखवा."

मी अहवालाचं दुसरं पान उघडलं आणि आकडे वाचत गेलो. तिच्या तळहातावर पेनानं लिहिलेला नंबर होता, ती एकेका आकड्यावर बोट ठेवत होती. "चार, चार, एक, सात," मी शेवटचे वाचले. तिचं बोट थांबलं.

"सरी," बरोबर आहे, असं ती कन्नडमध्येच म्हणाली आणि माझ्या स्टुलावर बसली. पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

अपघातानंतर भंगारात गेलेल्या त्या व्हॅनचं इंजिन पुढं असल्यामुळं शाबूत राहिलं होतं, आणि सहा वर्षं कुठं कुठं फिरून तिच्याच दारात आलं होतं. मी म्हटलं, "त्या पोरीला सांग, दुसरीकडे ने म्हणावं."

"दुसरीकडं कुठं?" ती म्हणाली. "तीन ठिकाणी फिरूनच आलीय ती."

तो दिवस तिनं इंजिनाला हात लावला नाही. व्हॅनवर ताडपत्री टाकली आणि दुसरी कामं केली. पण पाठ ताडपत्रीकडे होईल असं ती एकदाही बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कामाला सुरुवात केली. कार्बोरेटर स्वानंदीच्या आधीच्या इंजिनावरचा होता, त्याच्या मिश्रणाच्या स्क्रूला मात्र तिनं हात लावला नाही. तो मी शेवटी बघीन, असं तिनं ठरवलं होतं. आधी तिनं ठिणगी तपासली. इंजिनाबरोबरच येणाऱ्या, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये एक चकती असते. वेग घेतल्यावर पाय हलका केला की ती थोडी सरकते आणि ठिणगी जरा लवकर पाडते. तिला सरकवायला कार्बोरेटरकडून एक बारीक रबरी नळी येते, ती हवा ओढून चकती फिरवते. ही चकती सरकली नाही तर गाडी चालते, पण जोर कमी आणि पेट्रोल जास्त. टायमिंगचा दिवा धरून महानंदानं पाहिलं, चकती हलतच नव्हती. नळी उपसून काढली, तर तिच्या तोंडात कुणीतरी एक स्क्रू घट्ट बसवून ती बंद करून टाकली होती.

ॲव्हरेजचं कारण सापडलं होतं. पण नळी मुद्दाम कोण बंद करील? तिनं स्वानंदीकडून इंजिन बसवणाऱ्याचा नंबर घेतला. यशवंतपूरचा महांतेश नावाचा फिटर होता, विजापूरकडचा.

"हौदु अक्का, मीच बंद केली," तो म्हणाला. "इंजिन बसवल्यावर गाडी खोकायची, मधेच बंद पडायची. नळी काढली की बरोबर चालायची. मग म्हटलं राहू दे तसंच."

"का बंद पडत होती, बघितलं न्हाईस?"

"तेवढा वेळ कुठला, अक्का?"

'खोकते', हाच शब्द संग्रामनं वापरला होता. मग महानंदानं नळीतला स्क्रू काढला, नळी जोडली, आणि स्वानंदीला बोलावून घेतलं.

"रस्त्यावर घेऊन बघायला पाहिजे. मी चालवते."

सहा वर्षांत पहिल्यांदा ती ट्रायलला निघाली होती. मी दुकानातून बाहेर आलो. स्वानंदी सवयीनं मागचं दार उघडून तिच्या प्रयोगांच्या खोक्यांपाशी बसायला गेली, तर महानंदा एवढ्या मोठ्यानं ओरडली की रस्त्यावरचे लोक बघायला लागले. "मागं बसायचं न्हाई! पुढं ये."

यशवंतपूरपर्यंत गर्दीत व्हॅन शहाण्यासारखी चालली. गोरगुंटेपाळ्याच्या पुढं रस्ता मोकळा झाला आणि तिनं पाय दाबला. स्वानंदी खूश झाली. "ताई, केवढी स्मूथ झालीये! हीच का माझी गाडी?" महानंदानं मुद्दाम पाय काढला.

इंजिन खोकलं.

तिनं पुन्हा पाय दिला, पुन्हा काढला. पुन्हा खोकलं. तिसऱ्या वेळी डॅशबोर्डवरचे लाल दिवे एकदम लागले आणि आवाज थांबला. नुसता वारा आणि चाकांचा आवाज. आरशात मागून एक लॉरी मोठी मोठी होत येत होती. महानंदानं क्लच दाबून, हॉर्नवर हात ठेवून व्हॅन डावीकडं घेतली, ती मातीत उतरली आणि लॉरी शेजारून गेली, तेव्हा अख्खी गाडी हलली.

'स्क्रू किती फिरवलास?'

या वेळी ती मोठ्यानं बोलली, "मी फिरवलाच न्हाई अजून."

"काय, ताई?" स्वानंदीचा चेहरा पांढरा पडला होता.

महानंदा पुन्हा म्हणाली, सावकाश, जणू ते वाक्य स्वतःलाच तपासून बघायचं होतं. "स्क्रू मी फिरवलाच न्हाई. हात पण लावला न्हाई."

तिनं आधी स्वानंदीला खाली उतरवून लोखंडी कठड्यापलीकडं उभं केलं. मागं धोक्याचा लाल त्रिकोण ठेवला. पुढची सीट उचलून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. रबरी नळीचं दुसरं टोक तोंडात धरून तिनं श्वास ओढला, तशी आतली चकती जराशी फिरली. चकतीवरच्या सेन्सरपासून दोन बारीक वायरी बाहेर येत होत्या. वायर अखंड आहे का ते सांगणारा मीटर तिनं त्यांना लावला. चकती जागेवर असली की मीटर पिपाणीसारखा वाजायचा. श्वास ओढला, चकती फिरली, की गप्प. सोडला की वाजायचा. एका वायरीचं वरचं कव्हर अखंड होतं, पण आत तांबं तुटलं होतं. चकती सरकली, की तुटलेली टोकं एकमेकांपासून सुटायची आणि ठिणगीच बंद व्हायची.

ती तिथं उभी राहून कितीतरी वेळा श्वास ओढत आणि सोडत राहिली. स्वानंदी नंतर मला म्हणाली, "काका, मला वाटलं ताईंना दम लागलाय. मी पाण्याची बाटली घेऊन गेले, तर त्या रडत होत्या, आणि तोंडात नळी तशीच होती."

नळीत पुन्हा स्क्रू बसवून, डावीकडच्या लेनमधून, सावकाश ती व्हॅन परत घेऊन आली. दोन दिवसांत नवीन वायर बसली. मग तिनं नळी जोडली आणि शेवटी मिश्रणाचा स्क्रू डोळे मिटून लावला. स्वानंदीला पुन्हा चौदा मिळायला लागले. जुनी वायर महानंदानं भंगाराच्या डब्यात टाकून दिली.

हे सगळं तिनं मला गॅरेजच्या पायरीवर बसून सांगितलं, आणि तो फोनही तेव्हाच सांगितला. मी म्हटलं, "म्हणजे तुझी काहीच चूक नव्हती. सुटलीस की."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काही वेडंवाकडं बोललो होतो.

"अण्णा, त्या दिवशी झाकण मी उघडलं होतं. डिस्ट्रिब्युटर पुसला होता. ही वायर माझ्या बोटाखालनं गेली होती. एकदा नळी ओढून बघितली असती तर कळलं असतं. पण आप्पाजी घाई करत होते, आणि स्क्रू फिरवणं सोपं होतं." मग ती म्हणाली, "आणि ते चहाला थांबले होते. माझ्यापेक्षा चांगले मेकॅनिक होते. तिथंच सीट उचलून बघितलं असतं त्यांनी. का न्हाई बघितलं?"

तिनंच फोनवर 'चालेल' म्हटलं होतं म्हणून. तिला ते माहीत होतंच.

"आवाज अजून येतो?" मी विचारलं.

"येतो. आधी विचारल्यासारखा यायचा. आता नुसता येतो."

पुढच्या रविवारी सकाळी ती बसनं एचएसआर लेआउटला गेली. अश्लेषा तिथं दोन मैत्रिणींबरोबर राहते, एका कंपनीत डिझाइनचं काम करते. बाप गेला तेव्हा ती वीस वर्षांची होती. मायलेकींचं बोलणं असायचं, पण जेवलीस का, पगार झाला का, एवढंच. संग्रामचं नाव घरात निघत नव्हतं.

महानंदानं चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली आणि फोनपर्यंत सगळं सांगून टाकलं. अश्लेषा ऐकत होती. मग म्हणाली, "फोन जेवणाचा नव्हता हे मला माहीत होतं."

"कसं?"

"बाबांचा मोबाइल पोलिसांनी माझ्या हातात दिला होता, आई. शेवटचा कॉल तुला. एक मिनिट चाळीस सेकंद. तू पोलिसांना जेवणाचं सांगितलंस. जेवायला कधी येता, याला एक मिनिट चाळीस सेकंद लागतात? मला वाटलं तुम्ही भांडलात. त्या भांडणाच्या नादात त्यांचं लक्ष नव्हतं, असं मी सहा वर्षं धरून चाललेय."

"मग विचारलं का न्हाईस गं?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

अश्लेषानं तिला बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, बाबा काय म्हणाले, त्यावर तू काय म्हणालीस, शब्दाला शब्द. "आवाज कसा होता त्यांचा?" तिनं विचारलं.

"खूश होते. गाडी पळतेय झकास, म्हणाले. मागं कपबशांचा आवाज येत होता."

तेव्हा अश्लेषा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मला ती वायर बघायचीय."

"टाकली."

"टाकलीस? कुठं?"

"भंगारात. गुरुवारी गाडी येऊन घेऊन गेली."

"आई, ती टाकायची वस्तू होती का?"

"ठेवून काय करू तिचं?"

अश्लेषा उठून आत गेली. महानंदा तासभर बाहेरच्या खोलीत बसली, एका मैत्रिणीनं चहा दिला तो प्यायली, आणि बसनं परत आली. दोन दिवस फोन नाही. ती मला म्हणाली, "सहा वर्षं गप्प राहून जेवढं बिघडलं नव्हतं, तेवढं मी बोलून बिघडवलं."

तिसऱ्या दिवशी दुपारी अश्लेषा गॅरेजपुढं ऑटोतून उतरली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं. ती थेट आत जाऊन उभी राहिली. महानंदानं तिच्याकडं पाहिलं, मग मागच्या फळीवरून एक जुना डिस्ट्रिब्युटर काढला, पुसला, बाकावर ठेवला आणि झाकण उघडलं.

"तो न्हाई हा," ती म्हणाली. "पण असलाच होता."

रबरी नळीचं टोक फडक्यानं पुसून तिनं मुलीच्या हातात दिलं.

"तोंडात धर. आणि ओढ. हळू."

अश्लेषानं वाकून श्वास ओढला. महानंदा वायरीजवळ बोट धरून तिला दाखवत होती. माझ्या दुकानात गिऱ्हाईक आधार कार्ड पुढं करून उभं होतं, मी त्याला थांब म्हणालो.